भोंग्याच्या डबीला शेंदूर

माझ्या थोरल्या भावाचा ट्रॅक्टर एकदा कापसाच्या ट्रॉलीसकट कालव्याच्या भरावावरून उलटला होता. पाय मोडला, जीव वाचला. पाय जुळला तसा हा पठ्ठ्या पुन्हा त्याच ट्रॅक्टरवर बसला. तेव्हा मी, गावातला रेडिओ दुरुस्त करणारा, म्हणजे स्वतःच्या मते शास्त्रज्ञ, त्याला एक यंत्र करून दिलं. पत्र्याच्या डबीत आडवी नळी, दोन्ही टोकं जराशी वर, आत बेअरिंगची गोळी. ट्रॅक्टर जास्त कलला की गोळी टोकाला जाऊन तारांना टेकायची अन् भोंगा शेळीसारखा ओरडायचा. तसलाच भोंगा माझ्या मोपेडलाही होता.

दर अमावस्येला तपासणी. त्या दिवशी औतं बंदच. भाऊ एक चाक बांधावर चढवायचा, भोंगा वाजायचा, मी वहीत ‘पास’ लिहून रुबाबात सही करायचो. मग वहिनी ट्रॅक्टरची पूजा करायची. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत चाक हलवायचं नाही, हा घरचा रिवाज.

अशाच एका अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं सकाळी चहा देताना सांगितलं, "भाऊजी, काल त्या डबीला झाकण न्हवतं. मंग आतूनबी शेंदूर चोपडला. तेलात कालवून. यांचा जीव राखती ना ती!"

"गोळीला पण?"

"गोळीला तर भरपूर."

झाकणाचा स्क्रू ‘उद्या बसवू’ म्हणून मी खिशात टाकला होता. तो खिशातच होता. अन् भाऊ कापूस भरून अर्ध्या तासापूर्वीच परतूरला निघाला होता.

डबी लागण्याआधी तो भरावावरून जीव मुठीत धरून, खड्डे सोसत मधून जायचा. आता खड्डे चुकवत कडेनं जायचा. भोंगा वाजला की चाक आत घ्यायचा. त्याची भीती मीच काढून घेतली होती, अन् तिच्या जागी बसवलेली वस्तू आता मुकी झाली होती.

मोपेड तीन वेळा रुसली. मी पायडल मारत सुटलो. पोटरीत गोळे आले तेव्हा कुठं ती सुरू झाली. वाटेत दिसेल त्या देवाला नारळ बोललो. एका पिराला तर दोनदा.

भरावावर पोचलो तर ट्रॉली पाण्याकडं कललेली. चाकाखालून माती सुटून खाली पडत होती. "भाऊ! आत घे!" ट्रॅक्टरच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी ट्रॅक्टरच्या अगदी बाजूला गेलो अन् भोंगा दाबला.

भावानं दचकून स्टेअरिंग फिरवलं. ट्रॉली हेलकावली, गच्चकन मध्ये येऊन थांबली.

"वाजला बराबर," तो डबीकडं बघत म्हणाला, "पण आज जरा उशिरा वाजला."

माझा अंगठा भोंग्यावरून उठेना. भावानं वळून मोपेडकडं पाहिलं, मग डबीत बोट घातलं. गोळी शेंदरात घट्ट बसली होती. तो खाली उतरला अन् मातीतच बसला, लाल बोट तसंच वर धरून.

तिथूनच म्हणाला, "येड्या, बंद कर आता ते."

पुढच्या अमावस्येला पूजा झाल्यावर वहिनीनंच नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "मोडू द्या रिवाज. चढवा चाक बांधावर."