तालमीतल्या हिरव्या गवताचा तपास

एका निरपराध माणसाला मी त्याचं कोपर बघून चोर ठरवलं. नोकरीत माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या. काही वरिष्ठांना कळल्या, काही कळायच्या आत त्यांची बदली झाली. ही चूक मात्र विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही, कारण तिची खूण माझ्या अंगावर आहे. ती कुठे आणि कशी, ते ओघाने येईलच.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी कोल्हापुरात फौजदार होतो. इथे फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. मोठा सामना असला की ठाण्यातली निम्मी माणसं बंदोबस्ताला लागायची आणि उरलेली निम्मी आजारी पडून तिथेच प्रेक्षकांत सापडायची. माझ्या हद्दीतल्या दोन पेठांचं फुटबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. त्यांची खरी नावं घालत नाही. एकीला वरची पेठ म्हणू, दुसरीला खालची.

वरच्या पेठेतला एक तरुण बोटीवर नोकरीला होता. परदेशात कुठल्याशा मैदानावरचं कृत्रिम गवत बदलताना निघालेला एक तुकडा त्याने मिळवला आणि मजल दरमजल करत कोल्हापुरात आणला. चांगला मोठ्या जाजमाएवढा, हिरवागार, नायलॉनचा. कोल्हापुरात पेठेची तालीम हाच तिचा फुटबॉल क्लब; वरच्या पेठेच्या तालमीच्या मागच्या अंगणात तो अंथरला आणि त्यावर पेठेच्या संघाचा सराव सुरू झाला. आपल्याकडची मैदानं म्हणजे तांबडी माती आणि खडी. त्यामुळे हे गवत बघायला माणसं लोटली. हुपरीचे चांदी कारागीर खास बसने येऊन हात लावून गेले.

मीही गेलो. बूट काढून चाललो, खाली वाकून पाती चिमटीत धरली आणि तालमीच्या अध्यक्षांना अधिकाऱ्याला शोभेल अशा गांभीर्याने विचारलं, "याला दिवसातून किती वेळा पाणी घालता?"

अध्यक्ष म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ घालतोय साहेब. वाढलं की कापायला तुम्हालाच बोलावतो."

मी "बरं" म्हणून निघालो. जीपमध्ये बसल्यावर मागे हसण्याचा आवाज का आला, ते कळलं.

पंधरवड्याने तेच अध्यक्ष ठाण्यात आले. या वेळी ते हसत नव्हते. गवत चोरीला गेलं होतं, आणि येत्या रविवारी दोन्ही पेठांमध्ये अंतिम सामना होता. कलम ३७९ खाली गुन्हा नोंदवून मी स्वतः पंचनाम्याला गेलो. आदल्या दिवशी तालमीत जर्सीवाटपाचा कार्यक्रम झाला होता. संध्याकाळी मांडव उतरला, खुर्च्या गेल्या, आणि सकाळी खेळाडू आले तर अंगण मोकळं. मी कुंपणाची भिंत मोजून घेतली, भिंतीवर घासल्याच्या खुणा शोधल्या, दाराच्या कडीचे ठसे घ्यायला लावले. एवढं सगळं केलं. काय करायचं राहिलं, ते वाचकांना आत्ताच कळलं असेल तर त्यांनी तेव्हा पोलिसात यायला हवं होतं.

खबर मिळाली ती एका वड्याच्या गाड्यावरून. आमचा खबऱ्या भजी तळता तळता म्हणाला, "साहेब, खालच्या पेठेचा गोली फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरतोय. या उन्हात. बाही वर सरकली तर हात झाकून घेतोय."

मी तडक त्या गोलीला, म्हणजे त्यांच्या गोलकीपरला, उचलून आणलं. उद्यमनगरात फाउंड्रीत कामाला असलेला, उंच, अबोल माणूस. मी त्याला बाह्या वर करायला सांगितल्या. दोन्ही कोपरांवर जखमा होत्या.

"कशानं झालं?"

"ग्राऊंडवर घासलं, साहेब."

इथे माझी हुशारी आडवी आली. पोलीस ट्रेनिंगला असताना मी स्वतः गोलात उभा राहिलेला माणूस. आपल्या मैदानावर पडलं की कातडीत खडी घुसते, माती भरते, जखम फाटल्यासारखी दिसते. ही तशी नव्हती. गुळगुळीत, लाल, तापलेल्या इस्त्रीने चाटून जावं तशी. मातीचा एक कण नाही. असं कातडं भाजतं ते नायलॉनवर जोरात घासल्याने, आणि साऱ्या कोल्हापुरात तसं नायलॉन एकाच ठिकाणी होतं.

"तू त्या गवतावर पडलायस," मी म्हणालो.

त्याने बाह्या खाली ओढून घेतल्या.

"पडलायस की नाही?"

"चोरी केली न्हाई म्या. त्येच्या फुडं काय इचारू नका."

एवढं बोलून त्याने जे तोंड मिटलं ते उघडेना. मी दटावलं, चहा पाजला, परत दटावलं. आरोपी चहाला विरघळतात असा माझा अनुभव होता. हा रोज बोलावलं की यायचा, चहा पिऊन कप विसळून ठेवायचा आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचा.

आता या माणसाचं काय पणाला लागलं होतं, ते सांगायला हवं. पोलीस दलात खेळाडूंची भरती निघाली होती आणि तिच्यात त्याची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर पडले होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत शेरा मारून ते पाठवायचे. चोरीच्या गुन्ह्यात नाव आलं की नोकरी संपली. मी ते कागद उचलून त्याला दाखवले.

तो म्हणाला, "वयाचं ह्ये शेवटचं साल हाय माजं, साहेब."

"मग बोल."

त्याने कागद नीट जुळवून माझ्या टेबलावर परत ठेवले. मला तेव्हा वाटलं, किती निगरगट्ट चोर आहे.

आमचे हवालदार माझ्याहून बऱ्याच वर्षांनी मोठे. ते हळूच म्हणाले, "साहेब, एवढं गुंडाळं एकट्याला उचलंल का?"

"साथीदार असणार."

"मग पडून कोपरं कुठं फोडून घेतली त्यानं? चोर गवत उचलंल, त्येच्यावर उड्या कशाला मारंल?"

प्रश्न चांगला होता, म्हणून मी त्याचं उत्तर दिलं नाही. गवत शोधून काढायचंच, या जिद्दीने मी पेटलो होतो. खालच्या पेठेत घरोघरी झडत्या घेतल्या. पलंगाखाली, माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे. एका घरात हिरवी मच्छरदाणी जप्त करता करता राहिली. एका गोठ्यात तर वैरणीची गंजी उपसायला लावली. खोटं गवत खऱ्या गवतात लपवतील असा माझा तर्क होता. म्हैस सगळा वेळ माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचा अर्थ मी लावला नाही.

शनिवार उजाडला तरी गवत नाही. दोन्ही पेठांत कुजबुज वाढली, एका रात्रीत कुणाच्या तरी सायकलींची हवा गेली, कुणाचा बोर्ड फाटला. सामन्याच्या दिवशी दगड उडणार हे दिसत होतं. मी दुपारी ठाण्याच्या आवारात शांतता समितीची बैठक बोलावली. मांडववाल्याला निरोप दिला. धूळ उडत होती म्हणून आवारात पाणी मारायचा हुकूम मीच सोडला. ओल्या जमिनीवर त्याच्या माणसांनी खाली मॅट टाकली, वर जाजम अंथरलं, वर खुर्च्या मांडल्या. एका बाजूला वरची पेठ बसली, दुसऱ्या बाजूला खालची, मधे मी. गोलीला मी व्हरांड्यात सगळ्यांना दिसेल असा बसवला होता. त्यामागे काहीतरी मानसशास्त्र होतं. कोणतं, ते आता आठवत नाही.

मी उभा राहून चोरी, खिलाडूवृत्ती आणि कायदा यांवर भाषण केलं. शेवटी म्हणालो, "गवत कुठं आहे ते पोलिसांना कळल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या आम्ही अगदी जवळ पोहोचलो आहोत."

हे वाक्य माझ्या नोकरीतलं सर्वांत अचूक विधान होतं.

तेवढ्यात वरच्या पेठेच्या बाजूने एक वयस्क माणूस उठला. त्यांना सारे चाचा म्हणत. एके काळचे वरच्या पेठेचे नामांकित गोली, आता तालमीशेजारच्या खोलीत बसून फुटबॉल शिवायचे. दोन्ही पेठांचे.

"साहेब, त्या पोराला सोडा," चाचा म्हणाले. "त्येच्या कोपराला जे लागलंय, ते माज्यामुळं. गवात हुतं तवर रोज पहाटे मीच त्येला तालमीत घेत हुतो. मागच्या दारानं."

चाचा बोलत राहिले. "मागल्या साली त्येचा खांदा निखळलावता. तवापास्नं पडायला भ्यायचा. म्हटलं ह्ये मऊ हाय, ह्येच्यावर पडंल. पडला. मऊ कसलं, तव्यागत निघालं. पर भीती गेली त्येची."

अध्यक्षांचा आवाज चढला. "चाचा, फायनल आमच्यासंगं हाय त्येंची. आणि आमच्या गवतावर तुमी त्येंचा गोली तयार करताय व्हय?"

"गोली हाय म्हणून शिकवला. पेठ इचारून शिकवायचं व्हय?"

मी व्हरांड्याकडे पाहिलं. आठवडाभर भिंतीकडे बघत बसलेला तो माणूस मान खाली घालून बसला होता. तो का बोलला नाही, ते आता मला कळलं. तो बोलला असता तर त्याची नोकरी वाचली असती, आणि चाचांना त्यांच्या पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी ज्याला निगरगट्टपणा म्हणत होतो, तो हा होता.

पण विचार करायला वेळ नव्हता. वरच्या पेठेचे दोघे-चौघे चाचांच्या अंगावर धावले. खालच्या पेठेचे त्यांना वाचवायला उठले. खुर्च्या पडल्या, ढकलाढकलीत जाजम गोळा झालं. मी "मागं व्हा" म्हणत मधे घुसलो, जाजमाच्या वळकटीत माझा बूट अडकला आणि मी पूर्ण गणवेशात आडवा झालो. नुसता पडलो नाही. उजव्या कोपरावर हातभर घसरत गेलो.

फौजदार पडला की दंगल थांबते, हे मला त्या दिवशी कळलं. सगळे जागच्या जागी उभे. मी उठून बसलो. कोपराची आग होत होती. बघतो तर गुळगुळीत, लाल, इस्त्रीने चाटल्यासारखी जखम. मातीचा एक कण नाही.

मग मी कशावर बसलोय, ते पाहिलं.

अध्यक्ष गुडघ्यावर बसून त्या हिरव्या पात्यांवरून हात फिरवत होते. "ह्ये आमचं गवात हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "साहेबांनी शेवटी पाणी घातलंच त्येला."

मांडववाला चहाची किटली हातात धरून पुढे आला. तालमीतला जर्सीवाटपाचा मांडव त्याचाच. "आमच्या पोरांनी हिरवं बघून आमचीच मॅट समजून गुंडाळलं असणार," तो म्हणाला. "तरीच. परवा बारसं झालं ह्येच्यावर, काल साखरपुडा. पावणं म्हणत हुतं, बूड टोचतंय."

पहिला हसला तो गोली. आठवड्यात पहिल्यांदा त्याचे दात दिसले. मग खालची पेठ हसली, आणि शेवटी नाइलाजाने वरची. जाजमाच्या दोन्ही टोकांना दोन्ही पेठांची माणसं लागली आणि गवत मोकळं केलं.

मुद्देमाल मिळाल्याचा पंचनामा मी तिथेच केला. पंच मिळायला अडचण आली नाही. एवढे पंच मला पुन्हा कधी लाभले नाहीत. गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला म्हणून तो बंद करायला सी समरीसाठी अहवाल पाठवला. मग पडताळणीचे कागद पुढे ओढून 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारला. लिहिताना कोपर टेबलाला टेकवत नव्हतं, त्यामुळे अक्षर वाईट आलं. ते कागद संध्याकाळच्या आत मी स्वतः नेऊन दिले. टपालावर विश्वास ठेवायची त्या दिवशी माझी तयारी नव्हती.

फायनल कोण जिंकलं ते सांगणार नाही. मला अजून दोन्ही पेठांत जायचं-यायचं असतं. दगड उडाला नाही एवढं नोंदवतो. चाचांशी वरच्या पेठेने काही काळ अबोला धरला, पण तालमीतला चेंडू उसवल्यावर तो टिकला नाही. तो गोली पुढे बरीच वर्षं पोलीस संघातून खेळला. मला सलाम करताना तो आधी माझ्या कोपराकडे बघायचा.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांनी विचारलं की मी त्यांना सांगतो की माझी जखमेची पारख बरोबर होती. तो त्या गवतावर पडला होता, हेही बरोबर होतं. पण तिथून 'म्हणून तो चोर' इथवर मी एका उडीत पोहोचलो, आणि मधलं सगळं अंगण तसंच राहिलं. गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असेल असं आपण धरून चालतो. तो दुसऱ्या कुणाला वाचवत असेल, हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक चौकशीत स्वतःला विचारला. आणि कुठेही काही हरवलं की आधी मांडववाल्याला बोलावलं.

यातलं शहाणपण मी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चाचांच्या खोलीत बसून, जरा भारदस्त शब्दांत, त्यांनाही ऐकवलं होतं. ते माझ्या कोपराला हळदीचा लेप लावत होते. माझं संपेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं, फडकं बांधलं, गाठ मारली.

"ते ऱ्हाऊ दे, साहेब," ते म्हणाले. "तुमी गोलात कदी हुबं ऱ्हाऊ नका. बॉल तुमच्या पायाखाली हुता, आणि तुमी पेठभर उड्या मारल्यासा."