आधी ताट, मग सुई

ते प्रकरण आठवलं की आजही हसू येतं. मी तेव्हा पुण्याजवळ, मांजरी गावाच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार दोन कागद घेऊन आला आणि चेहरा शक्य तितका गंभीर ठेवून म्हणाला, "साहेब, वृद्धाश्रम एक, बाई एक आणि तक्रारी दोन."

पहिली तक्रार बाईंच्या मुलाची. तो खराडीला आयटीत. आश्रमातली नर्स आईला मधुमेहाची औषधं देत नाही, आईच्या पायाच्या बोटाची जखम चिघळली आहे, सबब निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल व्हावा. दुसरी खुद्द आईची. तीच नर्स आपल्याला जबरदस्तीने सुया टोचते, असं तिने नियंत्रण कक्षाला फोन करून कळवलं होतं. महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी स्वतःच चौकशीला निघालो.

नर्स चाळिशीच्या, यवतमाळकडच्या. रडून डोळे सुजलेले. "सुई घेऊन गेले की मावशी बाथरूमात जाऊन कडी लावतात जी. नाही दिली तर मुलगा फोनवर रागावतो. मी करू तरी काय साहेब?" गुन्हा दाखल झाला असता तर त्यांची नोकरी तर गेलीच असती, पण दुसरीकडेही कुणी ठेवलं नसतं.

खबर मिळाली ती व्हरांड्यात. तक्रारदार बाईंच्याच खोलीत एक निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी मला हात करून थांबवलं.

"मी चहाड्या करत नाही. माहिती देते आहे. यांच्या गोळ्या खिडकीतल्या जास्वंदीच्या कुंडीत जातात. जास्वंदीची शुगर आता उत्तम असेल."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "आणि कमरेच्या बटव्यात काय आहे ते विचारा. मी सांगणार नाही. मैत्रीण आहे माझी."

तक्रारदार बाई खोलीत खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. पायाला जाड पट्टी. सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेली. समोर मुलगा लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसलेला.

"मावशी, सुईची भीती वाटते का?"

"जन्मभर दारूगोळा हाताळला, साहेब. सुईला भिईन?"

"मग नको का म्हणता?"

"नको म्हणजे नको. त्याला कलम आहे का तुमच्याकडे?"

नव्हतं, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तुमच्या मनाविरुद्ध कुणी सुई टोचणार नाही, मला फक्त कारण हवंय. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

जबाब घेताना मी बोलणाऱ्याच्या हातांकडे जास्त बघतो. तोंडाला माणूस आवर घालतो, हातांना घालायचं विसरतो. नर्स दारावरून गेल्या, तसा बाईंचा हात झटकन बटव्यावर गेला. मी बटवा बघायला मागितला. जरा घुटमळून त्यांनी तो उघडला. आत खडीसाखर.

"बघा सर!" मुलगा उसळला. "लपूनछपून गोड खाते ही! म्हणून शुगर..."

साक्षीदार मध्ये बोलायला लागला की त्याला बाहेर बसवतात. इंजिनियर असला तरी. तो बाहेर गेला आणि मी बाईंना विचारलं, "ही रोज खाता, की राखून ठेवलीय?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"राखून ठेवलीय."

मग सगळं बाहेर आलं. गणपती विसर्जनाच्या दिवशी या नर्स रजेवर होत्या. बदली आलेल्या मुलीने नेहमीच्या वेळी इन्सुलिन दिलं, पण मिरवणुकीमुळे स्वयंपाकाच्या बायका अडकल्या आणि जेवणाला फार उशीर झाला. बाईंना दरदरून घाम फुटला, हात लटपटायला लागले. "हाक मारायला गेले तर जीभ वळेना. भिंतीला धरून खाली बसले. शेजारीण आली, तिने तोंडात मोदक कोंबला, म्हणून वाचले. साहेब, मरणाला मी भीत नाही. पण जीभ वळेना, तेव्हा भ्याले."

"कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की वरच्या मजल्यावर हलवतात. तिथे सगळे अंथरुणाला खिळलेले. पत्ते कुणाशी खेळू? आणि नुसतं नको म्हटलं तर कोण ऐकतं? म्हणून तक्रार केली. आज तुम्ही आलात, तर मॅनेजरनेसुद्धा मला बसायला खुर्ची दिली."

दारात नर्स उभ्या होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या आत आल्या आणि बाईंच्या पायाशी बसल्या. "मावशी, मला तरी सांगायचं होतं ना जी."

आश्रमाच्या डॉक्टरांना तिथेच बोलावून घेतलं. ते शांतपणे म्हणाले, इन्सुलिननंतर जेवण न मिळाल्याने साखर एकदम उतरली होती, बाईंची भीती अगदी खरी आहे. पण औषध बंद ठेवून जखम अशीच चिघळत राहिली, तर पायाचं बोट जाईल. जेवणाच्या तोंडावर घ्यायचं इन्सुलिन मिळतं, ते देतो, डोसही बदलतो. बाईंनी अटी घातल्या. ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. शुगरच्या मशीनवरचा आकडा आधी मला दाखवायचा. खडीसाखर माझ्याचजवळ राहील.

"ती राहूच द्या," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा तसं झालं तर तीच उपयोगी पडेल. आणि वरच्या मजल्यावर जायचं काही कारण नाही."

"आणि सकाळच्या चहात साखर."

"अर्धा चमचा."

"बघू," बाई म्हणाल्या. पुण्यात याला होकार म्हणतात.

मुलाला आत बोलावून सगळं सांगितलं. त्याने खुर्ची आईजवळ ओढली. मग म्हणाला, "आई, मी दर रविवारी फक्त शुगर किती आहे तेवढंच विचारत होतो गं."

"आता पत्ते खेळायला ये," बाई म्हणाल्या. "हरशील, पण ये."

मायलेकांनी दोन्ही तक्रारी मागे घेतल्या. नर्सवर गुन्हा दाखल झाला नाही. पुढे बंदोबस्ताच्या निमित्ताने त्या बाजूला गेलो, तेव्हा डोकावलो. बोट शाबूत होतं. बाई अंगणात चालत होत्या आणि शिक्षिका मागून त्यांची चाल कशी चुकते ते सांगत होत्या.

त्या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुणी माणूस ऐकतच नाही, अशी तक्रार आली की मी आधी विचारायचो, त्याचं तुम्ही ऐकलंत का? निम्मी भांडणं तिथेच थंडावायची. नकारामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. दरडावून ते बाहेर येत नाही. खुर्ची ओढून समोर बसावं लागतं.

निवृत्तीनंतर माझ्याच रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तेव्हा मी ती कशासाठी, तिने काय होतं, काय होऊ शकतं, असं सगळं विचारून घेतलं. उलटसुलट, दोनदा. शेवटी बायकोने माझ्या दंडाला हात लावला.

"अहो, पुरे. डॉक्टर आहेत ते. आरोपी नाहीत."