ओदील, आमच्या रेणापूरची

माझ्या तोंडाला अख्खं रेणापूर भिऊन असतं. शाळेत हेडमास्तरसुद्धा माझ्याशी बेतानंच बोलतात. पण जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं मी मूग गिळून बसले, ते सांगते.

भावाला चौथी पोरगी झाली, तर ह्या बहाद्दरानं बारा दिवस तिचं तोंड पाहिलं न्हाई. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात मी एक फ्रेंच नाव वाचलं होतं, ओदील. ही कुण्या सरदाराची पोर, जन्मांध. बाप म्हणाला, मारून टाका. दाईनं लपवून वाचवली. पुढं नाव ठेवताना पाणी शिंपडलं आणि तिला दिसायला लागलं, अशी तिकडची कथा. आता खुद्द फ्रान्समध्येही हे नाव फारसं कुणी ठेवत न्हाई म्हणे. भावावरच्या रागानं मी पोरीच्या कानात तेच सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसेनात का.

पोरीला मात्र नावाचा लई अभिमान. वहीवर, कंपासवर, सायकलच्या मडगार्डवर, सगळीकडं तेच. तीन तालुक्यांत मी एकटीच हाय, म्हणायची.

लग्न बिलोलीला ठरलं. सासरचे म्हणाले, असलं नाव आमच्यात चालणार न्हाई, बदलू. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरगी माझ्याकडं आली.

"आत्या, तू ठेवलंस, तूच सांग त्यांना, माझं नाव तेवढं राहू द्या म्हणून."

मी हो म्हणाले. पाठराखीण म्हणून संगं गेले. निघताना भावानं हात जोडले, कसंबसं जुळलंय, तोंड उघडू नको. सासरी पाऊल ठेवल्यावरच्या लक्ष्मीपूजनाला तिच्या नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पदरावरच्या अक्षता झटकत बसले.

दीड वर्षानं बाळंतपणात गेली. पोटातलंही गेलं.

दहाव्याला आमच्यात बायका नदीवर जात न्हाईत, मी गेले. मांजरेच्या काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली की शिवत न्हाई म्हणतात. नवरा म्हणाला, दुसरं लग्न करणार न्हाई. भावानं माफी मागितली. कावळा झाडावरून हलेना. मग मी पुढं झाले अन् मोठ्यानं म्हणाले, "ओदील, तुझं नाव मी पुसू दिलं. चुकले गं."

गुरुजींनी विचारलं, हे कोण?

"आमच्या घरात ह्या नावाचं कुणी नव्हतं," सासरा म्हणाला.

भाऊ खाली बघत होता. कावळा आला न्हाई. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला अन् तोच पिंडाला शिववला.