बिनहाकेचे रविवार

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी चाळिशी उलटल्यावर लग्न केलं, तेव्हा गल्लीला दोन दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. तिसऱ्या दिवशी सगळे विसरले. बाईंना मात्र विसरून चालणार नव्हतं, कारण नवऱ्याबरोबर सहावीतली एक मुलगीही त्यांच्या पदरात पडली होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. माणूस सोन्यासारखा, पण फोन वाजला की तोंडातला घास तसाच ठेवून उठणारा. त्याची पहिली बायको तपासणीला म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेली होती आणि परत आली नव्हती. त्यानंतर बापलेकीने कसंबसं रेटलं होतं.

लग्नाच्या दिवशीच आत्याबाईंनी घोळ घातला. मुलीच्या वडिलांची ही थोरली बहीण. गप्प बसणं तिला जन्मात जमलं नाही. चारचौघांत तिने मुलीला पुढे ओढलं आणि फर्मावलं, आजपासून हिला आई म्हणायचं. मुलीचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. बाईंनी आपल्या परीने सावरून घेतलं, म्हणाल्या, तुला हवं ते म्हण. मग काय, पोरीने काहीच म्हटलं नाही.

एका घरात राहून एखाद्याला हाकच न मारणं ही सोपी गोष्ट नाही, करून बघा. मुलीने त्यात अशी हातोटी कमावली, की कचेरीतल्या कारकुनांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. "भाजीत मीठ कमी पडलंय." "वहीवर सही लागणार आहे." "चावी हवी होती." हे सगळं कुणाला उद्देशून, तर समोरच्या भिंतीला. अगदीच अडलं तर "तुम्ही", आणि तेही बँकेच्या खिडकीपाशी उभं राहून बोलावं तसं. वडिलांशी बोलताना "त्या". त्या अजून आल्या नाहीत. त्यांनी डबा भरून ठेवलाय. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हीच पंचाईत.

बाईंना आई व्हायचा हट्ट नव्हता. दुसरीची जागा बळकवायला आपण आलेलो नाही, हे त्या स्वतःला रोज बजावत. पण या घरात कुणीतरी आपल्यावर हक्काने चिडावं, तणतणावं, असं त्यांना फार वाटे. आणि "तुम्ही" म्हणून कुणाला धड चिडता येत नाही. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याने मुलीला समजावलं असतं, म्हणजे आत्याबाईंचा घोळ पुन्हा पहिल्यापासून.

रविवार सगळ्यात अवघड. लिफ्टना नेमकं रविवारीच बिघडायचं असतं, त्यामुळे नवरा बाहेर आणि दोन खोल्यांत या दोघी. फळीवरचे डबे अजून पहिल्या बायकोने लावले त्याच क्रमाने. बाईंनी रांधलेलं मुलगी मुकाट्याने खायची, ताटात काही टाकायची नाही, पाहुणीसारखी. तेच बाईंना जास्त लागायचं. एका रविवारी त्यांनी गॅस पेटवलाच नाही. चल, बेकरीत जाऊ, म्हणाल्या. त्यांचा हिशोब साधा होता: बेकरीतला पाव ना आपल्या हातचा, ना तिच्या आईच्या. तो पोटभर खाल्ला म्हणून कुणाशी बेइमानी होत नाही.

मग तो रिवाजच पडला. पायी जाता येईल अशी एकेक बेकरी, आणि तिथून वस्तीच्या सभागृहात जे काही मांडलं असेल ते. सभागृहात दर रविवारी काहीतरी असायचंच. कधी जुनी कुलपं, कधी विणकाम, कधी परमुलखातून येऊन इथे स्थिरावलेल्या लोकांची वाद्यं आणि कपडे. बाईंना कुलपांतलं काही कळत नव्हतं. पण दोघींनी मिळून एकाच कुलपाकडे बघितलं, की एकमेकींकडे बघायची सक्ती राहत नाही, हे त्यांना पहिल्याच फेरीत कळलं.

बेकऱ्यांच्या बाबतीत मुलगी जरा सैल सुटे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला पाव बांधताना गिऱ्हाइकाकडे बघतसुद्धा नसे. त्याला तिने शून्य मार्क दिले. पुलापलीकडच्या बेकरीत बन इतका ताजा असे, की कागदी पिशवीला हात लावता येत नसे. शाळेमागच्या बेकरीतला केक तोंडात घोळवून ती म्हणाली, "वरून छान आहे. आतून कंटाळलाय." बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली, पण केली आपली टेबलाकडे बघूनच.

चौथी का पाचवी बेकरी असेल. गल्ल्यावरची बाई बोलघेवडी. तिने सुटे पैसे देता देता विचारलं, मुलगी का तुमची? बाई सुटे पैसे पुन्हा मोजू लागल्या. हो म्हणावं तर ही काय म्हणेल, नाही म्हणावं तर हिला काय वाटेल. तेवढ्यात मुलगीच बोलली, "आम्ही एकाच घरात राहतो."

बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. बाई रस्त्यात हसल्यासुद्धा. पण सोमवारी दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाईंना रडू आलं ते माल मोजायच्या निमित्ताने मागच्या खोलीत जाऊन त्यांनी आवरलं.

पुढच्या रविवारी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वस्तीतल्या लोकांनी आपापल्या घरातल्या जुन्या वस्तू आणून मांडल्या होत्या: इस्त्र्या, तराजू, रेडिओ, कुणाच्या आजोबांची काठी. मुलगी एका उघड्या टाइपरायटरपाशी रेंगाळली. बाई दोन पावलं पुढे होत्या, तेवढ्यात तराजूंच्या टेबलाशी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची दांडी निखळली आणि तिचा स्क्रू खाली पडला. आता कुणाचा चष्मा मोडावा आणि बाईंनी तो नुसता बघत उभं राहावं, हे होणं नव्हतं. जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलाचा कपडा उचलून त्या सरळ खाली शिरल्या. चष्म्याचा स्क्रू तो केवढासा. फरशीवर हात फिरवत बसल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. वर माइक खरखरला आणि व्यवस्थापकांचा आवाज आला: एक मुलगी हरवली आहे, तिच्या घरच्यांनी व्यासपीठापाशी यावं. कुणाची तरी बिचारी, असं बाईंच्या मनात येतंय तोच दुसरा आवाज आला.

"मी नाही हरवले. ती हरवलीये."

बाईंचा फरशीवरचा हात तिथेच थांबला. आवाज ओळखीचा होता. शब्द ओळखीचा नव्हता.

"ती म्हणजे कोण? तुझी कोण लागते?"

माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. टेबलाखाली बाईंनी डोळे मिटून घेतले. ऐकायचंही होतं आणि नकोही होतं.

"चष्म्याच्या दुकानात असते," मुलगी म्हणाली. "राखाडी स्वेटर घातलाय. आत्ता इथेच होती."

बाई धडपडत बाहेर आल्या. केसांना जळमटं, गुडघे धुळीने पांढरे, आणि सापडलेला स्क्रू मुठीत घट्ट. त्या दिसल्या तशी मुलगी व्यासपीठावरून उतरून गर्दी कापत आली. हातातला माइक द्यायचं तिला सुचलंच नाही, त्यामुळे पुढचं सगळं सभागृहाने ऐकलं.

"कुठे गेली होतीस तू? सांगून जाता येत नाही का गं? सगळीकडे बघितलं मी. रस्त्यावरपण बघून आले. असं न सांगता जातात का?"

तोंड लाल झालेलं. दुकानात तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाईंकडे उत्तर असायचं. आता त्यांना फक्त एवढंच बोलता आलं:

"चुकलं गं माझं."

"परत असं करायचं नाहीस."

"नाही करणार."

व्यवस्थापकांनी हळूच माइक काढून घेतला. चष्म्याचे म्हातारे गृहस्थ दांडी एका हातात आणि चष्मा दुसऱ्या हातात धरून अवघडून उभेच होते. बाईंनी पर्समधला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि काम हातात घेतलं. पण स्क्रू काही भोकात बसेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. डोळे भरून आले होते, समोरचं काही दिसत नव्हतं.

मुलीने बाहीने नाक पुसलं आणि हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. अजून फुरंगटलेलीच होती. "मी धरते. तू फिरव."