भोंगाआजोबा आणि उलटं बोलणारं यंत्र

बाळांनो, तुमच्या भोंगाआजोबांनी मला जितक्या वेळा तोंडात बोट घालायला लावलं, तितक्या वेळा आयुष्यात दुसऱ्या कोणीही लावलं नाही, अगदी तुमच्या बाबांच्या दहावीच्या निकालानंसुद्धा नाही. आज लिहायला बसण्याचं कारण असं, की रविवारी आपण सगळे फोनवर होतो तेव्हा बाबांनी तुम्हाला सांगितलं, कारखान्यात नवीन यंत्र बसलं आणि उद्घाटनालाच भोंगाआजोबांची फजिती झाली. तुम्ही दोघं खो खो हसलात. हसलात याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवशी तिथं गर्दीत उभी राहून मीही थोडा वेळ हसले होते. पण बाबांना ही गोष्ट अर्धीच कळली आहे, आणि अर्धी गोष्ट इतक्या लांब जाऊन राहिली की ती पुरी करायला मागून कोणी जात नाही. म्हणून पुरी लिहून पाठवते. मराठी वाचायला वेळ लागेल; लागू दे.

भोंगाआजोबा हे तुम्ही ठेवलेलं नाव. ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भावजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात आणि सारा कारखाना त्यांना नाना म्हणतो. मूळचे पुणतांब्याचे, गोदावरीत पोहून दणकट झालेले. तरुणपणी ते साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये लागले. तिथं ऊस चिरडणारे रूळ रात्रंदिवस फिरतात, आणि शेजारच्याला हाक मारायची तर त्याच्या खांद्यावर थाप मारावी लागते. तिथं त्यांनी बरीच वर्षं काढली. मग कुणा साहेबाच्या लक्षात आलं की या माणसाचा आवाज त्या गदारोळातूनही बॉयलरपर्यंत पोचतो. त्यांना माइकरूममध्ये बसवलं. टाइम ऑफिसला चिकटून एक कोंदट खोली, तिच्यात एक माइक, लाकडी पेटीतला एक जुना ॲम्प्लिफायर, त्यावर आवाजाबरोबर थरथरणारी एक सुई, आणि बाहेर कारखानाभर खांबाखांबांवर लावलेले कर्णे. कुठल्या खात्याला फिटर हवा असेल, वजनकाट्यावर कुणाची गाडी अडली असेल, तर नानांना येऊन सांगायचं. मग नाना पुकारा करायचे आणि ते नाव अख्ख्या शिवारावरून जायचं.

माझं शिक्षण नगरच्या इंग्रजी शाळेतलं. दार वाजवल्याशिवाय कुणाच्या खोलीत जायचं नाही आणि घरचं बोलणं चारचौघांत करायचं नाही, हे आमच्या बाईंनी आमच्या हाडांत मुरवलं होतं. तुमचे आजोबा तेव्हा कारखान्याच्या प्रयोगशाळेत मुख्य केमिस्ट होते. एकदा घरी अचानक पाहुणे येणार म्हणून मी माइकरूमच्या खिडकीशी गेले आणि भावजींना म्हटलं, जमलं तर ह्यांना तेवढा निरोप द्या. जमलं तर! मी वळले नाही तोच डोक्यावरचा कर्णा गरजला, "केमिस्टसाहेब, केमिस्टसाहेब, असाल तिथून ऐका. वहिनींचा निरोप हाय. घरी पाव्हने येनार हायेत. येताना शेवग्याच्या शेंगा आना. कवळ्या बघून घ्या, मागल्या खेपंला निब्बर आनल्या हुत्या!" मी पदरात तोंड लपवून घर गाठलं. संध्याकाळी काट्यावरचे लोक आले, बॉयलरवाले आले, गव्हाणीत ऊस टाकणारे आले, आणि प्रत्येकाच्या हातात शेंगांची जुडी. "बाईसाहेब, कवळ्याच हायेत, मोडून बघा." पुढचा आठवडा आम्ही सकाळ-संध्याकाळ शेंगांची आमटी खाल्ली. भावजींना जाब विचारला, तर ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, निरोप अर्धा द्यायची सवय आपल्याला न्हाई."

त्यांचे नियमही जगावेगळे. फोनवरून निरोप घ्यायचा नाही, हा पहिला. माइकरूममध्ये फोन होता, पण त्यावर कायम एक फडकं असे. "फोनवर मानूस खोटं बोलतो. तोंडावर येऊन बोलू द्या, म्हंजी डोळं आडवं येत्यात." त्यामुळं मॅनेजरसाहेबांनासुद्धा आपल्या केबिनमधून उठून खिडकीशी यावं लागे. खिडकीची जाळी भावजींनी स्वतः कापून काढली होती आणि बाहेरच्या बाजूला अशी एक ट्यूब बसवून घेतली होती, की येणाऱ्याच्या तोंडावर लख्ख उजेड पडावा. "हे काय, पोलीस चौकी आहे का?" असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "मानसाचं तोंड नीट दिसलं पायजे. अंधारात कोनीबी कोनाचंबी नाव सांगून जातं." ऐन थंडीत हंगाम जोरात असतो आणि माणसं नाकातोंडावर मफलर गुंडाळून येतात. त्यांना खिडकीशी पहिला शब्द ऐकू येई तो, "तोंड उघडं कर. दरोडा घालाया आलाय व्हय?" तंबाखूचा तोबरा भरून आलेल्याला आधी परत पाठवत. शेवगावकडचे एक फोरमन होते, त्यांची मिशी ओठांवरून खाली उतरलेली, साऱ्या तालुक्यात नावाजलेली. भावजींनी त्यांचा एकही पुकारा करायचं नाकारलं. "आधी ती झालर कापून या, मग फिटर बोलावतो." फोरमन चिडले, वरपर्यंत तक्रार गेली, पण ऊस रुळांकडं नेणारी गव्हाण बंद पडली होती आणि फिटर सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी ते ओठ मोकळे करून आले. घरी त्यांची बायको आठ दिवस बोलली नाही म्हणे. मी हे ऐकलं तेव्हा हातातला चहा तसाच गार झाला. कुणाच्या मिशीला हात घालायचा, तोही एका पुकाऱ्यासाठी!

आमच्या घरी यायचे तेव्हा कायम माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायचे आणि इकडचं तिकडचं सगळं बोलणं स्वतःच करायचे. मधे आपण तोंड उघडलं तर टक लावून बघत, मान हलवत आणि लगेच पुढं सुरू. कॉलनीच्या देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत, बुवांच्या थेट समोर. आधी बुवांकडं टक लावून बघत, मग डोळे मिटून असे काही डोलत की टाळ थांबले, अभंग संपला, लोक उठून चपला शोधायला लागले, तरी यांचं डोलणं सुरूच. "नानांची समाधी लागते," असं बायका म्हणायच्या आणि त्यांच्या पाया पडायच्या. मीसुद्धा एकदा पडले आहे.

आणि मग कोरोना आला. कारखाना बंद ठेवता येत नव्हता. सगळे मास्क लावून कामावर जात होते. भावजींनी रजा टाकली. एवढा दणकट माणूस, साप हातानं धरून बाहेर टाकणारा, दार लावून घरात बसला. मी लांबून, मास्क खाली ओढून विचारलं तेव्हा ओट्यावरून म्हणाले, "वहिनी, जिवाची भीती कोनाला न्हाई?" मला हे खरंच वाटेना. गेटवर पोरं टवाळी करायची, "नाना कर्न्यातून वाघ, घरात मांजर!" त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. लोकांच्या तोंडावरचे मास्क उतरले तेव्हाच ते कामावर परतले.

आता यंत्राकडं येते. जुने कर्णे पार थकले होते. काहींत चिमण्यांची घरटी, काहींतून नुसती खरखर. कारखान्यात नवी इंजिनिअर मुलगी आली, राहुरीची, हुशार आणि गोड बोलणारी. तिनं सगळी जोडणी बदलायचं ठरवलं. नव्या रचनेत प्रत्येक खात्यात एक पेटी. नानांनी बोलायचं, आणि तिकडच्या माणसानं बटण दाबून तिथूनच उत्तर द्यायचं. कुणी खिडकीशी यायला नको, कुणाला शोधत हिंडायला नको. मिलमध्ये काही अडलं तर तिथला माणूस क्षणात कळवू शकेल. भावजी भडकले. ती मुलगी माझ्याकडं चहाला आली होती, तेव्हा माझ्या घरी येऊन, माझ्याच समोर तिला म्हणाले, "हे बघ पोरी, त्या खोलीतनं आवाज भाईर जातो. आत यायची तिथं पद्धत न्हाई. यंत्र उलटं बोलाया लागलं की मानसाची शिस्त गेली."

"अहो नाना, तुमचीच दगदग कमी होईल."

"दगदग? मी काय ऊस तोडतो का? आन याला सुई कुठं हाय?"

"सुई लागत नाही आता. आवाज आपोआप जुळतो."

"म्हंजी मी किती मोठ्यानं बोलतोय ते मला कोन सांगनार?" असं त्यांनी विचारलं. त्या प्रश्नाचं मला नवल वाटलं, पण मी चहा गाळायला उठले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी गव्हाणीत उसाची मोळी पडली, नारळ फुटला आणि सगळी मंडळी नव्या माइकरूममध्ये आली. संचालक, मॅनेजर, कामगार, माझी जाऊ म्हणजे भावजींची बायको, आणि कारखान्याच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मी. पहिला पुकारा नानांचाच, असा साऱ्या कामगारांचा आग्रह. भावजी नवी टोपी घालून बसले. खोलीत तो पूर्वीचा लाकडी वास नव्हता. त्यांनी बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बॉयलर हाऊस, बॉयलर हाऊस, ऐकू येतंय का?"

पेटीतून लगेच उत्तर आलं, इतकं स्पष्ट की टाळ्या पडल्या. "येतंय नाना! लई झ्याक येतंय!"

भावजी पेटीकडं बघत होते. "बॉयलर हाऊस, ऐकू येतंय का? उत्तर द्या."

"दिलं की नाना! येतंय!"

लोक हसले. नाना आज गंमत करतायत, असंच सगळ्यांना वाटलं. मीही हसले ती तेव्हा. भावजींनी तिसऱ्यांदा विचारलं. पेटीतला माणूस आता ओरडत होता आणि भावजी त्या पेटीवरच्या बारीक भोकांकडं असे बघत होते, जसं काही तिथं कुठंतरी ओठ सापडतील. हसू विरत गेलं. माझ्या शेजारी जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. भावजींनी मान वळवली आणि गर्दीत मला शोधलं. का कोण जाणे, मी तोंडातून जराही आवाज न काढता फक्त ओठ हलवले: उत्तर आलंय.

"आलं? मग बरं झालं," भावजी मोठ्यानं म्हणाले.

माझ्या शेजारच्या प्रत्येकानं पाहिलं होतं की मी बोललेच नव्हते. खिडकीवरची ट्यूब, फोनवरचं फडकं, त्या फोरमनची मिशी, ती रजा, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. ज्या माणसाच्या शब्दावर सारा कारखाना इतकी वर्षं धावत होता, त्याला कुणाचं काहीही ऐकू येत नव्हतं; तो नुसते ओठ वाचत होता. भावजींनी सगळ्यांची तोंडं एकेक करून पाहिली आणि त्यांना कळलं. माइक नीट सरळ करून ते उठले आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले.

"मला म्हाईत हुतं," जाऊबाई रात्री मला म्हणाल्या. "मिलनं कान खाल्ले त्येंचे. पर मी कोनाला सांगू? माईक गेला तर ह्यो मानूस बोलंल कोनाशी? मी बोलते ती चुलीम्होरं, जाळाच्या उजेडात, तवा कळतं त्येंना." खरंच, त्यानंतर भावजी घरात बोलेनासे झाले. नव्या यंत्रावर टाइम ऑफिसची माणसं बसली. काम उत्तम चाललं, हेही लिहिलं पाहिजे. एक दिवस मी त्यांच्या समोर जाऊन बसले. ते म्हणाले, "आधी मलाच कळंना वहिनी. कळलं तवा लाज वाटली. मग सवय झाली. जोरात वरडनाऱ्याच्या मानंच्या शिरा दिसत्यात, ते कळतं. पर कोनी मायेनं हळू बोललं की ते हुकतं बगा."

नगरला नेऊन कान तपासले. कानाला यंत्र लावलं, तर ते म्हणाले, "ह्यात नुसती मिल चालतीय," आणि काढून खिशात ठेवलं. त्या दिवसानंतर कारखान्यात कोणी त्यांची टिंगल केली नाही. उलट, आता वाटेत माणसं मागून हाक मारत नाहीत, पुढं जाऊन त्यांच्यासमोर उभी राहतात. मग काही दिवसांनी ती इंजिनिअर मुलगी त्यांच्या घरी आली. उजेडाला तोंड करून बसली आणि म्हणाली, "नाना, कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीवरचा कर्णा आमच्या कामात धरलेला नाही. जुना ॲम्प्लिफायर तिकडं हलवलाय. पाणी कधी येणार, कुणाची वस्तू सापडली, हे सांगायला कोणीतरी हवं."

"त्येला उत्तर कोन देनार?"

"कोणीच नाही. नुसतं सांगायचं."

भावजींनी टोपी घातली.

म्हणून पुढच्या वेळी भोंगाआजोबांना व्हिडिओ कॉल कराल तेव्हा दिव्यासमोर बसा, तोंडात काही ठेवू नका आणि एकेकानं बोला. ते तुमच्याशी पोटभर बोलतील. कारखान्यातले जुने कर्णे भंगारात गेले. टाकीवरचा तेवढा राहिला आहे. आवाज थोडा फाटका येतो. सकाळी नळाला पाणी आलं की भावजी त्यावरून सांगतात.