नातीला हात न लावलेली दोन वर्षं

देव ऐकतो की नाही, हा प्रश्न मला साठी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. आमचं गाव सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. घरात दत्ताची उपासना. यजमान गेले त्या वर्षीसुद्धा माझा गुरुवार चुकला नाही. पण माझ्या नातीच्या, मुक्ताच्या अंगावरचे ते लाल चट्टे काही केल्या जाईनात, तेव्हा मी देवासमोर बसून मनातल्या मनात त्याच्याशी भांडू लागले.

मुलगा चेन्नईला, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात नोकरीला आहे. मुक्ता दहा महिन्यांची असताना मी पहिल्यांदा त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. पोरीचे गाल, कोपरं, गुडघ्यांच्या मागची कातडी खरखरीत झाली होती, मधेमधे चिरलेली, ओलसर. डॉक्टरांनी एक्झिमा सांगून मलम दिलं होतं. तिथल्या दमट हवेत घाम आला की ती खाजवून रक्त काढायची. मला वाटलं, कातडी कोरडी पडली आहे, दुसरं काय असणार? माझी दोन्ही मुलं मी साय-बेसन लावून न्हाऊ घातली होती. सून मृणाल भाजी आणायला गेली होती. मी मुक्ताला पायांवर घेतलं आणि दुधाची घट्ट साय तिच्या अंगभर चोळली.

अंगावर पाणी घालण्याआधीच तिला गांधी उठल्या. डोळे सुजून मिटले, ओठ फुगले. मृणाल आली, तिने पोरीला तशीच टॉवेलमध्ये गुंडाळली आणि आम्ही दवाखान्यात पळालो. मुक्ताला दुधाची अ‍ॅलर्जी होती आणि चिरलेल्या कातडीतून साय आत गेली होती. पुढच्या तपासण्यांत काजूचीही अ‍ॅलर्जी निघाली. पोर वाचली. मृणाल मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मी रडून मोकळी झाले असते.

मी गावी परतले. गोड सोडलं, रोज पहाटे जप सुरू केला, पोरीची कातडी बरी होऊ दे म्हणून. मृणाल फोनवर विचारायची, "आई, कधी येताय?" मी गुडघ्यांचं कारण सांगायची. गुडघे दुखत होते हे खरं, पण त्यासाठी कुणी नातीला पारखं होत नाही. मला माझ्या हातांची भीती बसली होती. आपण लांब राहून तिच्यासाठी देवाचं करावं, तेच तिच्या भल्याचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. अशी दोन वर्षं गेली. मुक्ता चालायला लागली, मराठी आणि तमिळ एकत्र करून बोलायला लागली, ते सगळं मी मोबाइलवर पाहिलं.

मग एकदा मुलाचाच फोन आला. मृणाल तापाने झोपली होती, घरात बघायला कोणी नव्हतं. मी गेले. स्वयंपाक केला, मुक्ताची भांडी वेगळी घासली, डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. मात्र तिला मलम लावायचं, कपडे घालायचं काम मुलाकडे नाहीतर अंथरुणातल्या मृणालकडेच ठेवलं. मुक्ता कंगवा घेऊन माझ्याजवळ आली तर मी म्हणायची, "अम्माकडे जा, राणी." मृणालने मला अ‍ॅलर्जी उसळली तर लगेच द्यायचं इंजेक्शनचं पेन दाखवलं. झाकण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच दाबायचं आणि धरून ठेवायचं. मी नुसतं पाहिलं. "एकदा हातात घेऊन बघा ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझ्यावर तशी वेळच नको यायला."

त्या गुरुवारी संध्याकाळी मुलगा ड्यूटीवर होता. मुक्ताने बाहेर जायचा हट्ट धरला म्हणून मी तिला जवळच्या मुरुगनच्या देवळात घेऊन गेले. पेन पर्समध्ये होतं. ती माझा पदर धरून चालत होती, बोट मी दिलं नाही. मी नमस्काराला डोळे मिटले. तेवढ्यात एका बाईने मायेने आपल्या द्रोणातला प्रसादाचा गोड भात, पोंगल, तिला भरवला. डोळे उघडले तेव्हा मुक्ता तोंड पुसत होती, आणि त्या द्रोणात मला काजू दिसला.

ती खोकायला लागली. आवाज घोगरा झाला, ओठांभोवती लाल फोड उठले, ओकली आणि मान टाकून खाली बसली. लोक जमले. "तण्णी, तण्णी," म्हणत कोणी पाणी आणलं. मला तमिळ येत नाही, काय सांगणार? पेन हातात घेतलं, पण झाकण काढवेना. दोन वर्षांपूर्वीचा तो सुजलेला चेहरा समोर आला. मी मोठ्याने ओरडले, "दत्तात्रेया, धाव रे! माझ्याच्याने होत नाही!"

तेव्हा गर्दीतून कोणी मराठीत बोललं. "भिऊं नका, अक्का. काय करायचं ते सांगा."

माझ्याच वयाची एक बाई खाली बसून मुक्ताला आडवी करत होती. शब्द मराठी, पण जुन्या वळणाचे, आणि हेल सगळा तमिळ. मी पेन तिच्यापुढे केलं. "हे मांडीत मारायचं. तुम्ही मारा."

"मज हें ठाऊक नाही. तुम्हांस ठाऊक आहे. मी लेकरास धरतें, तुम्ही मारा."

तिने मुक्ताचा पाय घट्ट धरला. मी झाकण काढलं आणि दाबलं. मुक्ता किंचाळली. त्या किंचाळीइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. त्या बाईने तमिळमध्ये भराभर सांगून अँब्युलन्स बोलावली, आणि आमच्याबरोबर ती स्वतःही आत चढली.

त्या कमलाअक्का. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. भाचीकडे आल्या होत्या, परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून देवळात टेकल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर त्या म्हणाल्या, "घरीं आतां मराठी बोलायास कोणी नाही. तुम्ही 'धाव' म्हणालां, मज वाटलें माझी आईच हाक मारते." देवाने त्यांना पाठवलं का, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी देवाला हाक मारली आणि ती भाषा समजणारी बाई माझ्या शेजारी येऊन बसली, एवढंच मला माहीत आहे. अजूनही आम्ही फोनवर बोलतो.

मृणाल तापातच धावत आली. मुक्ताला पाहून झाल्यावर ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, मी तुम्हाला त्या सायीवरून कधी दोष दिला का?"

"नाही गं."

"मग दोन वर्षं आला का नाहीत? मला एकटीला फार जड गेलं."

 ज्याला मी प्रायश्चित्त समजत होते, ते या मुलीच्या वाट्याला एकटेपण म्हणून आलं होतं. पोर खाजवत उठली की ही एकटी तिला घेऊन येरझाऱ्या घालत होती, आणि मी लांब बसून देवाला जाब विचारत होते. सगळं त्याच्यावर सोपवलं असं मी म्हणायची. भीती मात्र स्वतःजवळ ठेवून घेतली होती. 'माझ्याच्याने होत नाही' हे मला दोन वर्षांपूर्वीच त्याला सांगता आलं असतं.

आता मी आवडीलाच राहते. मुक्ताची कातडी पूर्ण बरी झालेली नाही. कधी महिनाभर छान असते, मग उन्हाळ्यात पुन्हा उसळते. मी तिला न्हाऊ घालते, मलम लावते, पण अंग फार चुरचुरलं की ती अजून 'अम्मा' म्हणूनच रडते, माझ्या मांडीवर टिकत नाही. ती सवय लागायची वर्षं मी घालवली, ती कोणत्याही जपाने परत येणार नाहीत. मी वाईट वाटून घेत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. तरी ती रडली की मृणालच्या आधी मी उठते. हाक आपल्या नावाने आली नाही तरी धावून जायचं असतं, हे मला त्या देवळात दिसलं. दाखवणाऱ्याचे उपकार फार मोठे आहेत.