पाच चिंचोके

मुठा खोऱ्यातल्या एका गावच्या बैठकीत मी पाच चिंचोके इकडचे तिकडे केले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

गावामागच्या उतारावर झाडं लावायची होती. सगळ्या उताराला कुंपण घालायचं, की अर्धा चराईला सोडायचा, एवढंच ठरायचं होतं. आधी कुणाला काय किती महत्त्वाचं ते मोजायचं आणि मग दोन्ही पर्याय त्या मापाला लावायचे, ही पद्धत शिकवायला मी गेलो होतो. देवळाच्या ओट्यावर तीन कागद पसरले: पाणी, चराई, जळण. माणशी दहा चिंचोके. एका कागदावर पाचाच्या वर ठेवायचे नाहीत, हा नियम माझा.

शेळ्या राखणाऱ्या एका आजींनी दहाच्या दहा चराईवर ठेवले.

"आजी, पाचच ठेवायचे."

"का? माझंच हायेत न्हवं?"

"तुम्हाला पाणी नको का?"

"तू मोज रं बाबा. लई बोलतुयास."

लोक हसले, मीही हसलो. सगळे चहाला उठल्यावर त्यांचे पाच चिंचोके मी पाण्यावर सरकवले. नियमच तर पाळतोय, असं वाटलं. पाण्याला पूर्ण कुंपण सोयीचं, चराईला अर्धं; हिशेबात पूर्ण कुंपण अगदी थोड्या फरकानं वर आलं. गावानं मान्य केलं.

परवा त्या बैठकीतल्या हिशेबाचा जुना तक्ता सापडला. सहज, बघू तरी म्हणून, ते पाच परत चराईला दिले. अर्धं कुंपण वर आलं. मग चैन पडेना. त्यांनी पाण्यावर एकही का ठेवला नसेल? विचारायला गेलो. दारात दोनच शेळ्या बांधलेल्या होत्या.

"पाणी कशाला येगळं ठेवायचं?" आजी म्हणाल्या. "झरा उतारावरच हाय. शेरडं घेऊन रोज जायचो, तितला पाला काढायचो. आता तितं जातंय कोण?"

कुंपणापाशी जाऊन पाहिलं. झरा पाल्यानं बुजला होता. पाणी आणि चराई असे मी दोन कागद केले होते, त्यांच्या लेखी ते एकच होतं. त्या दिवशी मी प्रश्न विचारला होता खरा, पण उत्तरासाठी थांबलो नव्हतो.

परत येताना आजींकडे थांबलो, तेव्हाही त्यांना चिंचोक्यांचं सांगितलं नाही. चहा घेतला आणि निघालो.

ग्रामसभेत उभं राहून, आजींसमोर, तो निकाल माझ्या हातचा होता हे सांगणं आणि उताराचा निर्णय पुन्हा घ्यायला लावणं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.